गोगलगायींवर सरसकट मीठ टाकण्याआधी: सोसायटीतल्या गोगलगायी ओळखायच्या कशा?

मुलुंडची_माळीण (धागाकर्ती)

मंडळी, पाऊस धरला आणि आमच्या सोसायटीत दरवर्षीचा गोगलगाय महोत्सव सुरू झाला. कंपाउंडची भिंत, पार्किंगचे खांब, मीटर रूमचं दार, लेटरबॉक्सच्या आत, जिकडे बघावं तिकडे. कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलंय की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून सगळीकडे विषारी दाणे टाकायचे, आणि तोवर वॉचमनदादांना खडेमिठाची गोणी आणून दिली आहे, ते बिचारे सकाळ-संध्याकाळ पेरणी केल्यासारखं मीठ टाकत फिरतायत. मी बागेचं बघते म्हणून मला विचारलं, मी म्हटलं दोन दिवस द्या, विचारून सांगते.

मुद्दा असा की मला या सगळ्या एकच वाटत नाहीत. गेटच्या बाजूला आहेत त्या लांबट, टोकदार, तपकिरी पट्टे असलेल्या, चांगल्या तळहाताएवढ्या. मागच्या भिंतीपलीकडे टेकडीचं जंगल लागतं, तिथल्या मात्र चपट्या, फिकट आणि लहान. शिवाय एक काळा, शंखच नसलेला प्रकार आहे, तो पायरीवर बघून पहिल्या मजल्यावरच्या काकू जळू जळू करून ओरडत होत्या.

तर, ही एकच जात आहे का? सगळ्याच उपद्रवी का? आणि बिल्डिंगमध्ये कुत्री आहेत, खाली मांजरं आहेत, ते दाणे चालतील का? फोटो टाकलेत. रात्री मोबाईलवर काढलेत, सांभाळून घ्या.

रात्रपाळी

मीठ. दुसरा इलाज नाही. आमच्या भांडुपला एकेकाळी जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची, मीठ टाकलं की फेस येतो आणि विषय संपतो. जाती-बिती बघत बसलात तर पावसाळा संपेल.

पोटात_पाय

आयडीला जागून हजेरी लावतोय. धागा बुकमार्क करतो, बोला तज्ज्ञ मंडळी.

झाडाखालचा

ताई, दाणे तूर्तास थांबवाच, सांगतो का ते.

फोटो १, २ आणि ५ म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. लिसाकॅटिना फ्युलिका, जुन्या पुस्तकांत अकॅटिना फ्युलिका म्हणून सापडेल. मूळ पूर्व आफ्रिकेतली. शंख लांबट शंकूसारखा, त्यावर उभे तपकिरी फराटे, साधारण पाच ते दहा सेंटीमीटर, पण वीसपर्यंत वाढल्याच्याही नोंदी आहेत. ही उपद्रवी, यात वाद नाही.

आता फोटो ३ झूम करून बघा, तो चपटा शंख. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे, असा मनात धरा. तोंड डाव्या हाताला येतंय ना? आफ्रिकनचं उजव्या हाताला येतं. जगातल्या बहुतेक सगळ्या गोगलगायी उजव्या असतात, डाव्या जाती थोड्या, आणि त्यातलीच ही एक, आरिओफँटा लीव्हिपीस. ही आपल्या सह्याद्रीची आहे. हिला १७७४ साली ओटो फ्रेडरिक म्युलर या डॅनिश माणसाने नाव दिलंय, म्हणजे पेशवाईत नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंचं कारस्थान चालू होतं तेव्हा तिकडे कोपनहेगनमध्ये आपल्या भागातल्या गोगलगायीचं बारसं होत होतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, येऊरला, माथेरानला पावसाळ्यात दिसते. तुमच्या मागच्या भिंतीवर असणं अगदी स्वाभाविक आहे, ती तिथलीच आहे, बिल्डिंग नंतर आली.

फोटो ४ मधली छोटी, काचेसारखी चकचकीत, तिच्याकडे नीट बघा एकदा. मला मॅक्रोक्लॅमिस वाटतेय. हिची गंमत म्हणजे चालताना अंगाचे दोन पातळ पदर शंखावर वर येतात आणि सारखे शंख पुसत राहतात, म्हणून तो एवढा चमकतो. आणि शेपटीच्या अगदी टोकाला, जिथून चिकट द्रव येतो तिथे वर, एक बारीकसं शिंग असतं. टॉर्च आडवा धरून बघितलं तर साध्या डोळ्यांना दिसतं. हे शेपटीचं शिंग आरिओफँटिडे या घराण्याची खूण म्हणून बघतात, ती डावीसुद्धा याच घराण्यातली.

आणि काकूंना सांगा ती जळू नाही. तो स्लग आहे, लीव्हिकॉलिस आल्टे. पाठीच्या मधोमध फिकट रेघ आहे बघा. तोही आफ्रिकेतूनच आलेला.

आजोबा_गिरगावकर

वा झाडाखालचे, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. एक शंका, डावा शंख म्हणजे काही विशेष म्हणायचं का? दक्षिणावर्ती शंखाला लोक लाखभर रुपये मोजतात म्हणून विचारतो. मुलुंडच्या भिंतीवर लक्ष्मी चालतेय की काय.

झाडाखालचा

हाहा, आजोबा, तो समुद्रातला शंख, टर्बिनेला पायरम. त्याचे जवळजवळ सगळे शंख उजवे असतात आणि लाखांत एखादा उलटा निघतो, म्हणून त्याला भाव. पूजेत आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो तो शास्त्राच्या मोजणीत डावा, कारण धरायची पद्धत उलटी. आरिओफँटामध्ये अख्खी जातच डावी आहे, त्यामुळे दुर्मिळ काही नाही. विकायला गेलात तर कोणी कटिंगसुद्धा पाजणार नाही. शिवाय पार्कातून काहीही उचलून आणणं गुन्हा आहे, तेवढं लक्षात असू द्या.

चिन्मयी_के

डाव्या-उजव्याचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाहीये, मी झूऑलॉजी शिकवते, थोडं लांबेल.

शंख डावा की उजवा हे गोगलगायीच्या स्वतःच्या जीन्सवर ठरत नाही, आईच्या जीन्सवर ठरतं. म्हणजे पिल्लाकडे स्वतःकडे काही का असेना, आईने अंड्यात जे भरून ठेवलंय त्याप्रमाणे पहिल्या काही पेशींच्या विभागणीतच पीळ कुठल्या दिशेला पडणार हे ठरून जातं. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीत यामागचा जीन सापडलाय आणि २०१९ मध्ये जपानमधल्या दोघांनी क्रिस्पर हे जीनमध्ये फेरफार करायचं तंत्र वापरून तो बंद पाडल्यावर उजव्या घराण्यात डावी पिल्लं जन्माला आली.

मग डाव्या जाती एवढ्या कमी का? तर चपट्या शंखाच्या गोगलगायी समोरासमोर येऊन जुळतात आणि त्यांचं जननछिद्र डोक्याच्या एका बाजूला असतं. उजव्यांच्या गर्दीत एखादी डावी निघाली की तिचं छिद्र भलत्याच बाजूला, लग्नच जमत नाही, आणि तो डावेपणा तिच्याबरोबर संपतो. उंच शंखवाल्यांना अंग वळवून घेता येतं म्हणून त्यांचं भागतं. आग्नेय आशियातल्या अँफिड्रोमस या झाडावरच्या गोगलगायी अशाच उंच शंखाच्या, आणि त्यांच्या काही जातींत एकाच झाडावर डाव्या आणि उजव्या दोन्ही सुखाने नांदतात.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट जपानच्या दक्षिणेकडच्या याएयामा बेटांवरची. तिथे पारेअस इवासाकी नावाचा साप फक्त गोगलगायी खातो. त्याच्या खालच्या जबड्यात उजव्या बाजूला दात जास्त आणि डाव्या बाजूला कमी, कारण तो मागून येऊन डोकं तिरकं करून पकडतो आणि उजव्या गोगलगायीला शंखातून उपसून काढायला हीच रचना सोयीची. समोर डावी आली की त्याचा हिशोबच चुकतो, पकड निसटते. त्यामुळे या सापांच्या भागात डाव्या जाती टिकून राहिल्या आणि वाढल्या. म्हणजे जोडीदार मिळायला अवघड पण साप खात नाही, असा सौदा. या पारेअस सापाचे भाऊबंद भारतात ईशान्येकडे आहेत, आपल्या सह्याद्रीत नाहीत, त्यामुळे आपल्या आरिओफँटाचं डावेपण याच कारणाने असं मी म्हणणार नाही.

पोटात_पाय

वाचताना माझंच डोकं तिरकं झालं. एक सांगा, हे नर-मादी असतात ना वेगळे? आणि नावं सारखी का बदलतात, अकॅटिनाचं लिसाकॅटिना करून कोणाचं भलं झालं?

चिन्मयी_के

नर-मादी: तुमच्या भिंतीवरच्या सगळ्या एकाच वेळी नर पण आणि मादी पण, उभयलिंगी. पण सरसकट सगळ्या गोगलगायी तशा नाहीत, आणि इथेच वर्गीकरणाची खरी मजा सुरू होते.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीयसने १७५८ मध्ये यांना सरळ 'वर्मीस' म्हणजे कृमींच्या खात्यात टाकलं आणि जमिनीवरच्या बहुतेकांना हेलिक्स या एकाच नावाखाली कोंबलं. म्युलरने आपली डावी पण हेलिक्स म्हणूनच नोंदवली होती. पुढे शंखांचे आकार बघून बघून लोकांनी गट पाडले, कारण परदेशातून कपाटापर्यंत यायचे ते रिकामे शंखच, आतला प्राणी कधीच वाटेत सडून गेलेला असायचा. शंख मात्र फसवा प्रकार आहे, ओल्या जंगलात राहणाऱ्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या गोगलगायींचे शंख सारखे दिसायला लागतात. नंतर लोक आतली जननसंस्था चिरून बघायला लागले, मग कानसासारखी जी जीभ असते, रॅड्युला, तिच्यावरच्या शेकडो-हजारो दातांच्या ओळी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागले, आणि आता डीएनए. दरवेळी घरं बदलली. म्हणून नावं बदलतात, कोणाला हौस नाही हो.

शाळेत आपण शिकलो की फुप्फुसवाल्या गोगलगायी म्हणजे पल्मोनाटा. २००५ च्या बुशे आणि रोक्रोआ यांच्या वर्गीकरणापासून हे सगळं हलायला लागलं आणि २०१७ च्या सुधारित यादीत पण पल्मोनाटा पूर्वीसारखा राहिलेला नाही. आता आफ्रिकन, आरिओफँटा, मॅक्रोक्लॅमिस या स्टायलोमॅटोफोरा गटात. यांना दोन जोड्या शिंगं, वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे.

पण पावसात जंगलात गेलात आणि दगडाखाली एक जाड, गोल शंखाची गोगलगाय मिळाली जिला एकच जोडी शिंगं आहेत, डोळे शिंगांच्या टोकाला नाहीत तर बुडाशी आहेत, आणि हात लावल्यावर आत जाऊन तिने मागे गोल झाकण लावून घेतलं, तर ती सायक्लोफोरस किंवा तिच्या भाऊबंदांपैकी. हे पूर्ण वेगळं खानदान. यांच्यात नर वेगळा मादी वेगळी. समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायींपैकी एका वेगळ्याच शाखेने स्वतंत्रपणे जमीन गाठली त्याचे हे वंशज. गोगलगायी पाण्यातून जमिनीवर एकदाच आल्या असं नाहीये, वेगवेगळ्या शाखा वेगवेगळ्या काळी आल्या. दिसायला सगळ्या गोगलगायी, पण फुप्फुसाची पोकळी प्रत्येकीने आपापली तयार केली.

मुलुंडची_माळीण

बाप रे. आणि तो काळा स्लग मग कुठे बसतो? त्याचा शंख कुठे गेला?

चिन्मयी_के

शंख हरवणं हे अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे झालंय, त्यामुळे स्लग नावाचा एक गटच नाही. टक्कल पडलेले सगळे एका आडनावाचे नसतात, तसं. तुमचा लीव्हिकॉलिस व्हेरोनिसेलिडे घराण्यातला, तो युरोपातल्या बागांमधल्या स्लगांचा लांबचाही चुलत भाऊ नाही. उलटा करून बघा (काडीने, हाताने नको, कारण पुढे कोणीतरी सांगेलच), पोटाखाली चालायचा पाय अगदी अरुंद पट्टी आहे, दोन्ही बाजूंना पाठीचीच कातडी वळून आलेली.

आणि काही अर्धवट वाटेवर असतात, शंख आहे पण एवढा छोटा की आत जाता येत नाही. त्यांना सेमी-स्लग म्हणतात. २०२१ मध्ये आपल्या आंबोलीतून, सिंधुदुर्ग जिल्ह्यातून, असा एक नवा सेमी-स्लग जाहीर झाला, वरदिया आंबोलिएन्सिस. नुसती जात नाही, अख्खं जीनसच, म्हणजे जातीच्या वरचा गटच, नवा. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून. आंबोली म्हणजे वर्षा सहलीला जाऊन गर्दी करायची जागा, तिथल्या झाडांवर २०२१ पर्यंत हे प्राणी बिननावाचे फिरत होते.

लातूरकर

मुंबईकरांनो, तुमचं बागेत मजेत चाललंय. २०२२ च्या जुलैमध्ये आमच्या लातूर, बीड, उस्मानाबाद पट्ट्यात शंखी गोगलगायीने सोयाबीनची अक्षरशः वाट लावली. उगवून दोन पानं आली की सकाळी शेतात नुसते देठ. लोकांनी दुबार पेरणी केली, ती पण खाल्ली. रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खं घर शेतात. त्यामुळे जीवसृष्टीबिष्टी ठीक आहे, पण शेतकऱ्याला कोणी हे सांगायला गेलं तर काय ऐकायला मिळेल ते बघा.

कृषी खात्याने सांगितलेला आणि खरंच चालणारा उपाय: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधाला ठेवायचं, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत. जमिनीवर मीठ टाकायचं नाही, जमीन खराब होते. दुसरं म्हणजे अंडी. मातीत पांढुरकी, साबुदाण्यापेक्षा जराशी मोठी, ढीगच्या ढीग. ती राहिली तर वरून कितीही मारा, काही फायदा नाही.

झाडाखालचा

लातूरकरांशी शंभर टक्के सहमत. एका वेळी शंभर ते चारशे अंडी, वर्षातून अनेकदा. एकदा जुळल्यावर शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवता येतात, म्हणजे एकच गोगलगाय कुंडीतून गावाला गेली तरी तिथे वसाहत होऊ शकते. सहा महिन्यांत पिल्लू अंडी घालण्याजोगं. पाचशेच्या आसपास प्रकारच्या वनस्पती खाते, आणि शंखासाठी कॅल्शियम पाहिजे म्हणून भिंतीचा चुना, प्लास्टर खरवडते. ताई, कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळात नागमोडी खरवडलेल्या पट्ट्या दिसतात का बघा, त्या तिच्या जिभेच्या.

ऑक्टोबरच्या उन्हात त्या दिसेनाशा होतात तेव्हा मेल्या असं समजू नका. झाडाच्या खोडाला, पाईपमागे चिकटून, शंखाचं तोंड चुनखडीयुक्त पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून पडून राहतात आणि जूनमध्ये परत ड्युटीवर. म्हणून निवडून वेचायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च चांगला, एका जागी स्थिर सापडतात.

अमेरिकेचं उदाहरण देतो. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला नेल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. त्या संपवायला १९७५ उजाडलं, अठरा हजारांवर गोगलगायी वेचल्या आणि दहा लाख डॉलरच्या वर खर्च. २०११ मध्ये परत सापडल्या, तेव्हा वास घेऊन शोधणारी लॅब्राडोर कुत्री कामाला लावली आणि २०२१ ला मोहीम संपली.

आजोबा_गिरगावकर

मग भारतात कोणी आणली? तिथेही एखाद्या आजीनेच का?

झाडाखालचा

आजीने नाही, साहेबाने, आणि तोही गोगलगायींचा तज्ज्ञ. विल्यम बेन्सन, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, भारतातल्या जमिनीवरच्या कितीतरी गोगलगायींना पहिल्यांदा नाव देणारा माणूस. त्याने १८४७ मध्ये मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि चौरंगीच्या बागेत त्या सुटल्या. तिथून रेल्वे, रोपवाटिका, माती आणि कुंड्यांच्या वाहतुकीबरोबर देशभर. ज्याने आपल्या देशी जातींची यादी करायला सुरुवात केली त्याच्याच हातून त्यांना त्रास देणारी आली, आता बोला.

त्या यादीचं पुढचं काम गॉडविन-ऑस्टिनने केलं, हो, के-टू शिखराला ज्याचं नाव चिकटलंय तोच, हिमालयाची मोजणी करता करता गोगलगायी गोळा करायचा. ब्लॅनफर्डबरोबर त्याने १९०८ साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसूचीतला मृदुकाय प्राण्यांचा पहिला खंड काढला. आजही भारतातल्या गोगलगायी ओळखायला बसलं की तिथूनच सुरुवात करावी लागते, यावरून आपण किती पुढे आलोय ते समजा.

रात्रपाळी

मग परदेशातून एखादा प्राणी आणून सोडा ना जो फक्त आफ्रिकन खाईल. सरकार काही करत नाही.

चिन्मयी_के

तेच तर केलं होतं हवाईमध्ये. १९५५ साली आफ्रिकन गोगलगाय खाण्यासाठी यूग्लँडिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. ती दुसऱ्या गोगलगायींच्या चिकट वाटेचा माग काढत जाते, आणि तिने मोठ्या आफ्रिकनऐवजी तिथल्या छोट्या, सुंदर, झाडावरच्या अकॅटिनेलांवर ताव मारला. उंदरांनी आणि जंगलतोडीने हातभार लावला, आणि अकॅटिनेला अपेक्सफुल्वा या जातीची शेवटची गोगलगाय, जिचं नाव जॉर्ज होतं, १ जानेवारी २०१९ ला पिंजऱ्यात मेली. एवढं होऊनही १९७७ मध्ये हीच यूग्लँडिना फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर सोडली आणि दहाएक वर्षांत तिथल्या पार्टुला गोगलगायींच्या जातींचा जंगलातून सफाया झाला. त्यातल्या काही आधीच पकडून प्राणिसंग्रहालयांत नेऊन ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या, आता त्या पिढ्यांमधल्या परत बेटांवर सोडतायत.

आपल्याकडे फुकटात काम करणारे आहेतच की. भारद्वाज आफ्रिकन गोगलगायी फोडून खातो. आणि काजव्यांच्या अळ्या! भंडारदऱ्याला रात्रभर गाड्या घेऊन ज्यांना बघायला जातो, त्या काजव्यांचं आयुष्य बहुतांश अळीच्या रूपात जमिनीवर जातं आणि गोगलगायी-स्लग हे त्यांचं मुख्य खाणं. येऊरलाही मे-जूनमध्ये काजवे दिसतात. मागच्या भिंतीला विषारी दाणे पडले तर हे पण त्यात आले.

रात्रपाळी

बरं बाई. पण मुलुंडच्या सोसायटीत काजवे मी तरी बघितले नाहीत. लोकांना घाण वाटते, लहान मुलं हात लावतात, हा मुद्दा उरतोच. चपट्या दोन-चार मेल्या तर काय आभाळ कोसळतंय?

झाडाखालचा

दोन-चारने नाही कोसळत. पण सह्याद्रीत अडीचशेच्या वर जाती, त्यातल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि यांना पळून जाता येत नाही. एका टेकडीवरची जात त्या टेकडीवरच. पिकलेली पानं, बुरशी, शेवाळ हे त्यांचं खाणं, तुमच्या मोगऱ्याला त्या हात लावायला येत नाहीत. त्रास देतेय ती आफ्रिकन, तर तिलाच धरा, एवढंच म्हणणं.

हात लावण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तो गंभीर आहे. उंदराच्या फुप्फुसात राहणारी एक बारीक अळी असते, अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस, चीनमधल्या कॅंटनच्या उंदरांत सापडली म्हणून ते नाव, १९३५ साली. उंदराच्या लेंडीतून ती गोगलगायीत आणि स्लगमध्ये जाते. माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. जाते कशी? कच्ची किंवा अर्धीकच्ची गोगलगाय खाऊन, किंवा न धुतलेल्या पालेभाजीवर बारीक स्लग राहून गेला तर. केरळात रुग्ण सापडलेत. मुंबईत उंदीरही भरपूर आणि गोगलगायीही, तेव्हा हातमोजे किंवा पिशवी हातात घालूनच उचला, नंतर साबण, आणि टेरेसवरची पालक-मेथी एकेक पान वाहत्या पाण्याखाली. शिजवलं की प्रश्न मिटतो.

डॉक्टर_डोंबिवली

+१. मूळव्याधीवर की दम्यावर कच्ची गोगलगाय गिळायचे सल्ले अधूनमधून फॉरवर्ड होऊन येतात. कृपया नको. आणि ताई, कुत्र्यांचा प्रश्न राहिला. गोगलगायीच्या दाण्यांत बहुतेक वेळा मेटाल्डिहाइड असतं, कुत्र्यांना ते दाणे खायला आवडतात आणि मग थेट झटके येतात, त्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. आमच्या ओळखीत एक लॅब्राडोर असाच गेला. आयर्न फॉस्फेटचे दाणे त्यामानाने बरेच सुरक्षित, पण देशी गोगलगायीला ते पण मारणारच.

मुलुंडची_माळीण

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री मुलांना घेऊन राऊंड मारला. खरवडलेल्या पट्ट्या आहेत, मीटर रूमच्या भिंतीवर तर नक्षीच काढलीय. चमकणारीच्या शेपटीचं शिंग पण दिसलं, वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा तर उठायलाच तयार नव्हता. कमिटीसाठी नोटीस अशी लिहिलीय, दुरुस्त्या सांगा:

दाणे टाकायचे नाहीत. जमिनीवर मीठ टाकायचं नाही. गेट, पार्किंग आणि पुढच्या बागेत आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गुळाच्या पाण्याची गोणपाटं, सकाळी हातमोजे घालून फक्त लांबट टोकदार उचलायच्या, साबणाच्या पाण्यात बुडवून मग खड्ड्यात पुरायच्या. कुंड्यांखाली आणि विटांमागे अंडी शोधायची. तोंड डावीकडे असलेली चपटी आणि छोटी चकचकीत यांना हात लावायचा नाही.

सेक्रेटरी म्हणतात वॉचमनला डावं-उजवं कुठे शिकवत बसणार. तर वॉचमनदादांनीच सांगितलं की आमच्या गावाला पण लांबटच त्रास देते, चपटी कोण मारतंय.

झाडाखालचा

छान आहे. दोन गोष्टी वाढवा. एक, उचललेल्या गोगलगायी भिंतीपलीकडे जंगलात फेकायच्या नाहीत, हे ठळक अक्षरात. दया म्हणून लोक नेमकं हेच करतात आणि आफ्रिकन आयती पार्कात पोचते. दुसरं, नर्सरीतून नवीन रोप आणलं की कुंडीचं बूड आणि वरची माती उकरून बघायची, अंडी तिथूनच येतात. तळाची भोकंही बघा.

लातूरकर

गूळ काळा घ्या, स्वस्त पडतो आणि वास जास्त. गोणपाट दुपारपर्यंत वाळतं, परत भिजवायला विसरू नका.

पोटात_पाय

शेवटची शंका. माझ्या कुंडीत एकदम बारीक, सुईसारखे लांबट, पिवळट पारदर्शक शंख आहेत, सेंटीमीटरभर. आफ्रिकनची पिल्लं समजून सकाळपासून वेचतोय, संपतच नाहीत. फोटो टाकलाय.

चिन्मयी_के

पिल्लं नाहीत, पूर्ण वाढलेली आहेत ती, याहून मोठी होणारच नाहीत. अॅलोपियास ग्रॅसिले. उष्ण प्रदेशात जगभर कुंड्यांच्या मातीतून पसरलेली. आफ्रिकनचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा गोलसर आणि गुबगुबीत असतं, इतकं सडपातळ कधीच नसतं. पारदर्शक शंखातून आत पांढरे गोल ठिपके रांगेत दिसतायत का बघा, ती तिची अंडी.

पोटात_पाय

दिसली! पाच आहेत.